एकाच्या लॉगिनमध्ये दुसऱ्याचं नाव: अनेक वापरकर्त्यांचं सेशन ठेवायचं तरी कुठे?

निशाद

नमस्कार मंडळी,

कामाच्या ठिकाणी आतल्या वापरासाठी एक वेब ॲप्लिकेशन लिहिलं आहे. पायथन भाषा, फ्लास्क हे फ्रेमवर्क आणि पुढे रिक्वेस्ट घेणारा गनिकॉर्न सर्व्हर. लोक लॉगिन करतात, भांडारातल्या वस्तूंची यादी बघतात, हव्या त्या निवडतात आणि शेवटी मागणीपत्र पाठवतात. महिनाभर माझ्या मशीनवर छान चाललं. सगळ्यांसाठी खुलं केलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, "माझ्या पानावर वर दुसऱ्याच बाईंचं नाव दिसतंय, आणि मी न निवडलेल्या वस्तू खाली यादीत आहेत."

कोड उघडला तर कारण समोरच होतं. फाइलच्या सुरुवातीला 'करंट युजर' नावाचं ग्लोबल व्हेरिएबल (सगळ्यांना सामाईक अशी एकच जागा), आणि त्याखाली निवडलेल्या वस्तूंची ग्लोबल लिस्ट. जो शेवटी लॉगिन करेल त्याचं नाव सगळ्यांना. मी एकटाच वापरत होतो तोवर शेवटचाही मीच होतो.

मधल्या काळात लोड वाढला म्हणून गनिकॉर्नचे वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारे कामकरी, एकाचे चार केले, तर एकाच माणसाला रिफ्रेश केलं की कधी स्वतःचं नाव, कधी दुसऱ्याचं. मग ग्लोबल काढून फ्लास्कचं सेशन (एका माणसाची लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतची आठवण) वापरलं. आता नाव बरोबर येतं, पण दोन-चार क्लिक झाले की लोक परत लॉगिनच्या पानावर येऊन पडतात. शिवाय ज्यांनी भरपूर वस्तू निवडल्या त्यांच्या यादीत शेवटच्या काही वस्तू येतच नाहीत.

रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा साठा) घ्यावं, डेटाबेसमध्ये ठेवावं, कुकीतच (ब्राउझरकडे ठेवलेल्या छोट्या नोंदीत) ठेवावं की जेडब्ल्यूटी (सही केलेलं ओळखीचं टोकन)? तुम्ही काय करता ते अनुभवासकट सांगा. लोकांचा विश्वास उडायच्या आत हे नीट करायचं आहे.

दीपमाळ

रेडिस, डेटाबेस वगैरे नंतर बघू. आधी एक सांग, सिक्रेट की, म्हणजे सेशनवर सही करायची गुप्त किल्ली, कशी दिली आहेस?

निशाद

कोडमध्येच आहे. ओएस-युरँडम वापरून २४ बाइट्सची रँडम की बनवतो. कोणाला ओळखता येऊ नये म्हणून.

दीपमाळ

मग लोक बाहेर का पडतात ते तिथेच आहे. तुझे चार वर्कर म्हणजे चार वेगळ्या प्रोसेस. प्रत्येक वर्कर सुरू होताना ती ओळ स्वतःपुरती चालवतो आणि स्वतःची वेगळी की बनवतो. फ्लास्कचं सेशन म्हणजे सही केलेली कुकी. पहिल्या वर्करने सही केली, पुढची रिक्वेस्ट तिसऱ्याकडे गेली. तिसऱ्याला ती सही पटत नाही, तो कुकी बाजूला ठेवतो आणि माणसाला अनोळखी समजून लॉगिनला पाठवतो. पुढची रिक्वेस्ट योगायोगाने पुन्हा पहिल्याकडे गेली तर सगळं आलबेल. म्हणून 'कधी चालतं, कधी नाही'.

की एकदाच बनव, एनव्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) ठेव, सगळ्या वर्करना तीच मिळू दे. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावरही तीच राहिली पाहिजे. ती कोडच्या रेपॉझिटरीत मात्र टाकू नकोस.

आणि यादीतल्या वस्तू गायब होतात त्याचं कारण कुकीचा आकार. ब्राउझर एका कुकीला साधारण ४०९६ बाइट्सची मर्यादा लावतात. त्यापुढे गेली की ब्राउझर नवी कुकी गुपचूप नाकारतो आणि जुनीच परत पाठवत राहतो. माणसाला दिसतं ते असं, की चाळिसाव्या वस्तूपर्यंत ठीक, मग कितीही टिचक्या मारा, यादी वाढत नाही.

निशाद

ताई, की बदलून बघितली. गेला तासभर एकही माणूस बाहेर पडलेला नाही. तीन दिवस मी सेशनच्या टाइमआउटमध्ये, म्हणजे मुदतीत, चूक शोधत होतो. मनापासून आभार.

जुनी वही

निशाद, हा आजार फार जुना आहे आणि प्रत्येक पिढीला नव्याने होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात तो एचटीटीपी मुळातच विसरभोळा आहे. प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्यासाठी पहिली भेट. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी यावर तोड म्हणून कुकी आणली. कल्पना साधी: सामान ठेवायच्या खोलीत बिल्ला मिळतो तसा एक बिल्ला ब्राउझरला द्यायचा, दर वेळी त्याने तो दाखवायचा. सामान आत खोलीत, हातात फक्त बिल्ला.

तू खोलीत एकच फळी ठेवली होतीस आणि सगळ्यांचं सामान तिच्यावर. फ्लास्कच्या सेशनने सामान ज्याच्या त्याच्या खिशात दिलं, पण खिसा ४ केबीचा.

मी जावात सर्व्हलेट (रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड) लिहायचो तेव्हाचा प्रसंग. सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट एकच असतो, रिक्वेस्ट मात्र अनेक थ्रेडवर (एकाच प्रोसेसमधल्या समांतर धाग्यांवर) एकदम चालतात. आमच्यातल्या एका हुशार मुलाने ग्राहक क्रमांक मेथडच्या आत न ठेवता क्लासच्या पातळीवर ठेवला. दिवसा कुणाला कळलं नाही. महिन्याच्या शेवटच्या तारखेला गर्दी झाली आणि दोघांना एकमेकांच्या पावत्या दिसल्या. दोन रिक्वेस्टमध्ये काही मिलिसेकंदांचंच अंतर पडलं की झालं. ही चूक लॉगमध्ये दिसत नाही, कारण मशीनच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. कोणी तरी माणूस म्हणाला "हे माझं नाही" तरच ती उघडकीला येते. तुला फोन करणाऱ्या त्या व्यक्तीचे आभार मान. बरेच जण पान रिफ्रेश करून विसरून जातात.

तर्कट

> बरेच जण पान रिफ्रेश करून विसरून जातात

ते एचटीटीपीचे खरे वारस :)

मोरपीस

एक शंका. थ्रेडपुरता डेटा ठेवायला थ्रेड-लोकल असतं ना? मग ग्लोबलसारखं वापरता येतं आणि मिसळतही नाही.

जुनी वही

मोरपीस, तिथेच पाय घसरतो. सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टला नवा थ्रेड बनवत नाही, साठ्यातला थ्रेड परत परत वापरतो. काम संपताना थ्रेड-लोकल रिकामं केलं नाही, तर त्या थ्रेडवर आलेल्या पुढच्या माणसाला आधीच्याचं उष्टं ताट मिळतं. वापरायचंच असेल तर रिक्वेस्ट संपताना, ती अपयशी ठरली तरी, ते पुसलं जाईल अशी सोय हवी. फायनली ब्लॉकमध्ये. विसरणं माणसाच्या हातून होणारच, म्हणून हे काम फ्रेमवर्कवर सोपवलेलं बरं.

अक्षांश

मोठ्या, अनुभवी टीमच्या हातूनही हे होतं, त्यामुळे निशादने खचून जाऊ नये. दोन उदाहरणं जाहीर आहेत.

मार्च २०२१ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटने एका रात्रीत सगळ्यांना लॉगआउट केलं. कारण अगदी या धाग्यातलंच. त्यांचा यूनिकॉर्न सर्व्हर रिक्वेस्टची माहिती ठेवायला एकच हॅश (नाव आणि मूल्यांची यादी) पुन्हा पुन्हा वापरायचा. त्यात एक बॅकग्राउंड थ्रेड रिक्वेस्ट संपल्यावरही त्याच हॅशला हात लावत होता. क्वचित असा योग जुळायचा की एकाची सेशन कुकी दुसऱ्याच्या उत्तरात जायची. त्यांनी सांगितलेला आकडा ०.००१ टक्क्याहून कमी सेशनचा. तरीही सगळी सेशन रद्द केली. मला हे फार आवडलं. 'फारच थोडे आहेत' म्हणून सोडून दिलं नाही.

दुसरं चॅटजीपीटीचं, २० मार्च २०२३. पायथनच्या रेडिस लायब्ररीत, असिंक (उत्तराची वाट बघत न थांबणाऱ्या) वापरात चूक होती. रिक्वेस्ट रेडिसकडे गेली आणि उत्तर यायच्या आत ती रद्द झाली, तर ते उत्तर कनेक्शनमध्ये पडून राहायचं. तेच कनेक्शन पुढच्या माणसाला मिळालं की त्याला आधीच्याचं उत्तर. काहींना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. म्हणजे रेडिस घेतलं की सुटलो असं नाही. रांगेत उभ्या एकाचा नंबर चुकला की मागच्या सगळ्यांच्या हातात चुकीचा कागद.

कासवगती

जेडब्ल्यूटी वापरा आणि मोकळे व्हा. सर्व्हरवर काही ठेवायचंच नाही तर मिसळणार काय? आमचे सहा सर्व्हर आहेत, कोणतीही रिक्वेस्ट कुठेही जाते, मधे रेडिस नाही, काही नाही. २०१५ पासून ते मानक आहे.

दीपमाळ

कासवगती, ठाम असहमत. एखाद्याचा लॅपटॉप चोरीला गेला, तो फोन करून सांगतो "मला सगळीकडून बाहेर काढा". तुमच्याकडे काय उत्तर आहे? टोकनवर सही आहे, मुदत संपलेली नाही, तर सर्व्हर त्याला हो म्हणणारच.

कासवगती

मुदत १५ मिनिटांची ठेवली आहे. शिवाय रद्द केलेल्या टोकनची यादी ठेवता येते.

दीपमाळ

ती यादी ठेवणार कुठे? सहाही सर्व्हरना दिसेल अशा एका जागी. आणि प्रत्येक रिक्वेस्टला ती तपासणार. म्हणजे मागच्या दाराने सेशन स्टोअर आलंच. मी जेडब्ल्यूटीच्या विरोधात नाही. एका सेवेने दुसऱ्या सेवेला ओळख पटवायला ते उत्तम आहे. पण ब्राउझरमधला माणूस, एक ॲप्लिकेशन, एक डेटाबेस, एवढ्यासाठी साधी सेशन कुकीच बरी. सर्व्हरकडच्या सेशन टेबलमधली त्याची ओळ पुसली की माणूस बाहेर.

कासवगती

१५ मिनिटं उशीर चालणार असेल तर माझं म्हणणं टिकतं. पण चोरीच्या लॅपटॉपचं मान्य, आमच्याकडे तो प्रसंग अजून आलेला नाही. विचार करतो.

पडघम

माझा प्रश्न वेगळा आहे, पण याच घरातला. आमची साइट पीएचपी भाषेत आहे. एक माणूस मोठा रिपोर्ट काढायला लावतो, दीड मिनिट लागतं. तेवढ्या वेळात त्याच माणसाने दुसऱ्या टॅबमध्ये काहीही उघडलं तरी ते गोल गोल फिरत राहतं. बाकी सगळ्यांचं व्यवस्थित चालू. सीपीयू शांत, डेटाबेस शांत. तो बिचारा रोज सांगतो साइट बंद आहे आणि आम्ही रोज म्हणतो चालू आहे.

टिंबटिंब

सेशनच्या फाइलवरचं लॉक. पीएचपी सेशन सुरू करताच ती फाइल कुलूपबंद करतो आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत सोडत नाही. त्याच सेशनची दुसरी रिक्वेस्ट दारात उभी. रिपोर्टला सेशनमधून जे वाचायचं ते वाचून झाल्याबरोबर 'सेशन-राइट-क्लोज' बोलाव, मग रिपोर्ट काढत बस. नुसतं वाचायचंच असेल तर पीएचपी ७ पासून सेशन सुरू करतानाच 'रीड-अँड-क्लोज' देता येतं.

लॉकवर चिडू नकोस मात्र. ते नसतं तर दोन रिक्वेस्टनी एकदम सेशन वाचलं असतं, दोघांनी आपापलं लिहिलं असतं आणि शेवटी लिहिणाऱ्याचं राहिलं असतं. कुकीतल्या सेशनला तर असं लॉक घालताच येत नाही. निशाद, हे तुलाही लागू आहे. पान दोन रिक्वेस्ट एकदम पाठवत असेल आणि दोन्ही सेशन बदलत असतील, तर एकीचा बदल हरवतो.

पडघम

टिंबटिंब, दंडवत! एक ओळ. फक्त एक ओळ. आत्ताच त्या गृहस्थांना फोन करून माफी मागितली.

सांजवेळ

दोन टॅबचा विषय निघालाच आहे तर माझा घाव दाखवते.

आमच्याकडे रुग्णांच्या नोंदींचं ॲप्लिकेशन होतं. यादीत एका रुग्णावर क्लिक केलं की त्याचा क्रमांक सेशनमध्ये जायचा, आणि 'जतन करा' दाबलं की सेशनमधला क्रमांक घेऊन नोंद लिहिली जायची. एका परिचारिकेने एका टॅबमध्ये पहिला रुग्ण उघडला, मधेच दुसऱ्याची चौकशी आली म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये तो उघडला, मग पहिल्या टॅबवर परत येऊन औषधाची मात्रा भरली आणि जतन केलं. पडद्यावर पहिल्याचं नाव, समोर पहिल्याचा फॉर्म. नोंद गेली दुसऱ्याच्या नावावर. कारण सेशन दोन्ही टॅबना एकच, आणि त्यात शेवटी उघडलेला क्रमांक.

तिने फाइल पडताळून बघितली म्हणून वेळीच लक्षात आलं. मी त्या रात्री झोपले नाही. इथे एकाच माणसाच्या दोन टॅब होत्या, तरी मिसळलं. म्हणून माझं आता पक्कं मत आहे: सेशनने 'तू कोण' एवढंच सांगावं. 'तू आत्ता कशावर काम करतोयस' हे पानाने स्वतः सांगावं, यूआरएलमध्ये किंवा फॉर्ममध्ये.

मोरपीस

वापरकर्त्यांना दोन टॅब उघडू नका असं सांगितलं तर? काही साइट तशी सूचना देतात.

सांजवेळ

मोरपीस, हे मला अजिबात पटत नाही. माणसं दोन टॅब उघडतात कारण त्यांचं काम तसं असतं. एकीकडे बघायचं, दुसरीकडे भरायचं. कागदावर काम करताना टेबलावर दोन फाइल उघड्या ठेवू नका असं आपण कुणाला सांगू का? आपल्या कोडला जमत नाही म्हणून त्यांनी हात बांधून बसायचं, हे योग्य नाही.

आणि फॉर्ममध्ये क्रमांक आला की सर्व्हरने दर वेळी तपासायचं, की या माणसाला या नोंदीवर लिहायचा हक्क आहे का. पानाकडून आलेल्या क्रमांकावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. त्यासोबत नोंदीचा आवृत्ती क्रमांक पाठवायचा. मधल्या काळात कोणी नोंद बदलली असेल तर आवृत्ती जुळणार नाही, मग आधी लिहिलेलं पुसण्याऐवजी माणसाला दोन्ही दाखवून विचारायचं.

अक्षांश

सांजवेळ यांच्या प्रतिसादाला +१००. टॅबपुरतं काही ठेवायचं असेल तर ब्राउझरचं सेशन-स्टोरेज प्रत्येक टॅबला वेगळं असतं, लोकल-स्टोरेज मात्र एकाच साइटच्या सगळ्या टॅबना सामाईक. नावं सारखी वाटतात म्हणून घोळ होतो. लॉगिनचं टोकन मात्र दोन्हीकडे ठेवू नका. पानात शिरलेली कोणतीही परकी स्क्रिप्ट ते वाचू शकते. कुकीला एचटीटीपी-ओन्ली लावलं की जावास्क्रिप्टला ती दिसतच नाही.

तर्कट

अवांतर: सेशनला मराठीत काय म्हणावं? सत्र? बैठक? अधिवेशन?

जुनी वही

'बैठक' मला जवळचा वाटतो. माणूस येऊन बसतो, काम करतो, उठून जातो. 'सत्र' म्हटलं की ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट डोळ्यासमोर येतो. इथे तर लोक निरोप न घेताच उठतात, आणि ते गेले हे आपल्याला अर्ध्या तासाने गृहीत धरावं लागतं. रोजच्या बोलण्यात मात्र सेशनच राहील, आणि त्यात काही बिघडत नाही.

कासवगती

निरोप न घेता उठणाऱ्यांवरून आठवलं. टाइमआउट किती ठेवता? सर्व्हर आणि फ्रेमवर्कच्या मूळ मुदती बघितल्या तर टॉमकॅटमध्ये ३० मिनिटं असतात, एएसपी डॉट नेटमध्ये २०, पीएचपीत १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं, जँगोची कुकी दोन आठवडे. नक्की कशावरून ठरवायचं?

टिंबटिंब

पीएचपीच्या त्या १४४० बद्दल एक. ते सेकंद उलटले की सेशन लगेच जातं असं नाही. तेवढा वेळ हात न लागलेली फाइल कचरा ठरते, आणि कचरा उचलणारा शंभरातून एखाद्या रिक्वेस्टला फेरी मारतो. वर्दळ कमी असेल तर सेशन तासन्‌तास जगतं, जास्त असेल तर वेळेवर मरतं. 'माझं कधी जातं, कधी जात नाही' याचं एक कारण हेही. खरी मुदत हवी तर शेवटच्या हालचालीची वेळ सेशनमध्ये लिहा आणि स्वतः तपासा.

सांजवेळ

कासवगती, आकडा कामावर ठरतो. पैशांचे व्यवहार असतील तर दोन ते पाच मिनिटं, जोखीम कमी असेल तर पंधरा ते तीस, असं ओडब्ल्यूएएसपी या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनात सापडतं. पण माझं काळीज आकड्यात नाही, मुदत संपल्यावर काय होतं त्यात आहे.

माझे वडील एक लांबलचक अर्ज भरत होते. चष्मा लावून, एकेक अक्षर शोधून, कागद बघून बघून. पन्नास मिनिटं लागली. 'पाठवा' दाबलं आणि लॉगिनचं पान आलं. परत आत गेले तर फॉर्म कोरा. ते काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून ठेवला. तो अर्ज नंतर मी भरला, पण त्यांनी पुन्हा कधी ऑनलाइन अर्ज भरला नाही.

डब्ल्यूसीएजी या सुगमतेच्या मानकात यावर स्पष्ट लिहिलं आहे: मुदत संपण्याआधी सूचना द्या, आणि साध्या कृतीने ती वाढवायला किमान २० सेकंद द्या. त्याच्या वरच्या पातळीवर आणखी एक अपेक्षा आहे, की मुदत संपून पुन्हा लॉगिन करावं लागलं तरी भरलेली माहिती हरवता कामा नये. मसुदा सर्व्हरवर दर थोड्या वेळाने त्या माणसाच्या नावे जतन करा. सेशन मेलं तरी मसुदा जगतो. फार अवघड नाही हो हे.

दीपमाळ

सांजवेळ, हे वाचून थांबले जरा. निशादच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. निवडलेल्या वस्तू सेशनमध्ये ठेवायच्याच कशाला? तो मागणीपत्राचा मसुदा आहे. डेटाबेसमध्ये मसुद्याचं टेबल, त्यात वापरकर्त्याचा क्रमांक आणि वस्तू. सेशनमध्ये फक्त वापरकर्ता. मग ४ केबीची भीती नाही, वर्कर कितीही असोत, माणसाने सकाळी घरच्या मशीनवरून अर्धं केलेलं काम दुपारी ऑफिसच्या मशीनवर पुढे सुरू करता येतं.

रेडिस तेव्हा घ्या जेव्हा सेशनची वाचनं डेटाबेसला जड होतील. शे-दोनशे माणसांच्या आतल्या ॲप्लिकेशनला सेशन टेबल पुरतं. रेडिस घेतलंच तर तेच रेडिस कॅशसाठीही (वेग वाढवायला ठेवलेल्या तात्पुरत्या प्रतींसाठी) वापरू नका. मेमरी भरली आणि धोरण 'कुठलीही नोंद काढा' असं असलं, तर कॅशसोबत लोकांची सेशनही उडतात.

पडघम

स्टिकी सेशनचं कोणीच बोललं नाही. लोड बॅलन्सरला (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्याला) सांगायचं, की हा माणूस कायम याच सर्व्हरकडे पाठव.

टिंबटिंब

चालतं, पण तो सर्व्हर बंद पडला की त्याच्यावरचे सगळे बाहेर. दर वेळी नवी आवृत्ती चढवताना हेच. आणि एनजिनएक्स या लोड बॅलन्सरचा आयपी-हॅश (माणसाच्या पत्त्यावरून सर्व्हर ठरवणं) वापरत असाल तर तो आयपीव्ही४ पत्त्याच्या चार भागांपैकी पहिले तीनच बघतो. एका कचेरीतले सगळे एका पत्त्याआडून येतात, म्हणजे सगळे एकाच सर्व्हरवर. आम्ही तीन सर्व्हर लावले होते, त्यातले दोन रिकामे आणि एक घामाघूम.

निशाद

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. गेल्या दोन दिवसांत काय झालं ते सांगतो, कारण गोष्ट संपली नव्हती.

दीपमाळताईंनी सांगितल्याप्रमाणे मसुदा टेबलमध्ये नेला. सेशनमध्ये फक्त वापरकर्त्याचा क्रमांक. मग चाचणी लिहिली: पन्नास खोटे वापरकर्ते एकदम लॉगिन करतात, प्रत्येक जण वीस वेळा स्वतःचं पान मागतो, आणि पानावरचं नाव आपलंच आहे का ते बघतो. मला खात्री होती की सगळं हिरवं, म्हणजे पास, येईल.

पन्नासपैकी छत्तीस जणांना दुसऱ्याचा विभाग दिसला. नाव बरोबर, विभाग चुकीचा.

रात्री दोनला सापडलं. विभागाची माहिती आणणाऱ्या फंक्शनवर मी एलआरयू-कॅशचा डेकोरेटर (आधीचं उत्तर साठवून तेच परत देणारी सोय) लावला होता, वेग वाढावा म्हणून. त्या फंक्शनला एकही पॅरामीटर नव्हता, वापरकर्ता ते आतून सेशनमधून घ्यायचं. कॅश पॅरामीटर बघून ठरवतं की हेच आधी विचारलं होतं का. पॅरामीटरच नाही, म्हणजे सगळ्यांचा प्रश्न एकच. प्रत्येक वर्करवर जो पहिला आला त्याचा विभाग त्या वर्करवरच्या सगळ्यांना. पॅरामीटर म्हणून वापरकर्त्याचा क्रमांक दिला, चाचणी परत चालवली. पन्नास हिरवे. मग शंभर केले, मग दोनशे. हिरवे.

ग्लोबल व्हेरिएबल मी काढलं होतं, पण तेच दुसऱ्या नावाने फाइलमध्ये बसलेलं होतं.

जुनी वही

निशाद, शाब्बास. ही पन्नास जणांची चाचणी आता कायम ठेव, दर बदलानंतर चालव. आणि कॅश फक्त तुझ्या कोडमध्येच नसतं. पुढे प्रॉक्सी किंवा सीडीएन (वाटेत पानं साठवून देणारे सर्व्हर) असेल तर लॉगिननंतरच्या पानांना 'नो-स्टोअर', म्हणजे साठवू नका, असं लाव. नाहीतर सर्व्हर बरोबर उत्तर देतो आणि वाटेत कोणी तरी ते साठवून दुसऱ्याला वाढतो. लॉगआउटनंतर 'मागे' दाबलं की जुनं पान दिसतं, तेही याने बऱ्यापैकी थांबतं.

अक्षांश

दोन गोष्टी राहिल्या. लॉगिन यशस्वी झालं त्या क्षणी सेशनचा क्रमांक बदल. आधीचाच चालू ठेवलास, तर कोणी आधीच एखादा क्रमांक समोरच्याच्या ब्राउझरमध्ये पेरून ठेवू शकतो आणि लॉगिन झाल्यावर त्याच क्रमांकाने आत शिरू शकतो. तू सेशन टेबलमध्ये नेलंस तर हे तुला लागू होईल. क्रमांक बनवायला पायथनचं सिक्रेट्स मॉड्यूल घे, ३२ बाइट्स. वेळ किंवा वापरकर्त्याचा क्रमांक यांवरून बनवू नकोस.

दुसरं, कुकीला सिक्युअर (ती फक्त कूटबद्ध एचटीटीपीएसवरून जाते) आणि सेमसाइट (परक्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत जायला आळा बसतो) लाव. आतलं ॲप्लिकेशन आहे म्हणून एचटीटीपीएस नको असं कोणी म्हणेल, ऐकू नकोस. २०१० साली फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं होतं. उघड्या वायफायवर बसलेल्या इतरांच्या सेशन कुकी ते यादीत दाखवायचं, नावावर दोनदा क्लिक केलं की त्या माणसाच्या खात्यात. तेव्हा बहुतेक साइट फक्त लॉगिनचं पान एचटीटीपीएसवर ठेवायच्या आणि पुढे कुकी उघड्यावर.

कासवगती

मी माझ्या बाजूने एक कळवतो. दीपमाळ यांनी विचारलेल्या चोरीच्या लॅपटॉपचा प्रश्न काल टीमपुढे मांडला. 'सगळीकडून बाहेर काढा' हे बटण आमच्याकडे नव्हतंच. आता डेटाबेसमधल्या वापरकर्त्याच्या नोंदीत सेशनची आवृत्ती ठेवतोय, टोकनमध्येही तीच. नवं टोकन देताना दोन्ही जुळवायच्या. बटण दाबलं की आवृत्ती एकने वाढते आणि पंधरा मिनिटांच्या आत सगळी यंत्रं बाहेर.

दीपमाळ

छान. पासवर्ड बदलला की तीच आवृत्ती वाढवा.

मोरपीस

निशाद, एक विचारू का? ज्या बाईंचं नाव दुसऱ्यांना दिसत होतं, त्यांना सांगितलंस का?

निशाद

हो. काल त्यांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं, की तुमचं नाव आणि तुमची यादी दीड दिवस इतरांना दिसत होती, पासवर्ड दिसला नाही. त्यांनी विचारलं, "माझ्या नावाने कोणी मागणी पाठवली का?" लॉग काढून दोघांनी एकेक ओळ बघितली. तीन मागण्या त्यांच्या नावावर गेल्या होत्या, त्यांनी पाठवल्या नव्हत्या. ज्यांच्या होत्या त्यांच्या नावावर केल्या आणि भांडाराला कळवलं. फोन करणाऱ्या गृहस्थांनाही भेटून आलो.

सगळी जुनी सेशन रद्द केली आहेत. सेशनचा क्रमांक बदलायचं काम आज रात्री करतो, अडलं तर इथेच विचारेन.